तूर मोझांबिकची, सत्ता फ्रेलिमोची

लातूर-अकोल्याच्या दालमिलवाल्यांना 'गजरी तूर' नवी नाही. ही तूर मोझांबिकहून येते. तिकडचा माल सप्टेंबरच्या सुमारास निघू लागतो, म्हणजे आपली नवी तूर मार्केट यार्डात यायच्या आधीच्या टंचाईच्या महिन्यांत तो मुंबईला उतरतो. २०१६ मध्ये भारत सरकारने मोझांबिकशी आयातीचा करार केला. २०१६-१७ मध्ये १ लाख टन आणि वाढवत वाढवत २०२०-२१ पर्यंत २ लाख टन, असं तेव्हा ठरलं. २०२१ मध्ये हा करार आणखी पाच वर्षांसाठी वाढवण्यात आला. त्यामुळे तिकडे काही बिनसलं की इकडे तुरीच्या भावाची चर्चा सुरू होते. २०२३ च्या अखेरीस नाकाला बंदरातला माल तिथल्या निर्यातदारांच्या वादात आणि कोर्टकचेरीत अडकला. मग ९ ऑक्टोबर २०२४ ची निवडणूक झाली आणि पुढचे तीन महिने देशभर रस्ते अडवले गेले, दक्षिण आफ्रिकेला जोडणारा सीमानाका बंद पडला आणि स्थानिक संस्थांच्या मोजणीनुसार ३०० हून जास्त माणसं मारली गेली.

या बातम्यांत एक नाव कायम दिसतं, ते म्हणजे फ्रेलिमो. हा पक्ष १९७५ पासून सलग सत्तेत आहे. मधल्या काळात एक भीषण यादवी युद्ध झालं, विचारसरणी उलटीपालटी झाली, पाच राष्ट्राध्यक्ष झाले, सात वेळा बहुपक्षीय निवडणुका झाल्या. पक्ष मात्र तिथेच आहे. हे कसं जमलं, ते समजून घ्यायचं तर सुरुवात मतपेटीपासून करून चालत नाही. ती साठ वर्षांपूर्वीच्या जंगलातल्या लढाईपासून करावी लागते.

फ्रेलिमो म्हणजे नेमकं काय?

'मोझांबिक मुक्ती आघाडी' या पोर्तुगीज नावाचं हे लघुरूप. २५ जून १९६२ रोजी टांझानियाच्या (तेव्हाच्या टांगानिकाच्या) दार-ए-सलाम शहरात परागंदा मोझांबिकींच्या तीन संघटना एकत्र येऊन ही आघाडी झाली. त्यांतली एक ऱ्होडेशियातल्या (आजच्या झिम्बाब्वेतल्या) मजुरांमधून उभी राहिलेली, दुसरी केनिया-टांगानिकातल्या माकोंडे लोकांची, तिसरी न्यासालँडमधली (आजच्या मलावीतली). भाषा वेगळ्या, पुढारी वेगळे, हेवेदावे भरपूर. टांगानिकाचे नेते ज्युलियस न्येरेरे यांनी एकत्र या म्हणून रेटा लावला, तेव्हा कुठे जमलं. अध्यक्ष झाले एदुआर्दो मोंडलाने. अमेरिकेत डॉक्टरेट मिळवलेले, संयुक्त राष्ट्रांत नोकरी केलेले, सिराक्यूज विद्यापीठात शिकवणारे मानववंशशास्त्राचे प्राध्यापक. तिन्ही गटांपैकी कुणाचेच नव्हते, म्हणूनच सगळ्यांना चालले.

देशाबाहेर स्थापना का, हा प्रश्न रास्त आहे. ब्रिटिश आणि फ्रेंच वसाहती या काळात एकामागून एक स्वतंत्र होत होत्या, पण हुकूमशहा सालाझारच्या पोर्तुगालने १९५१ मध्येच कायदा बदलून वसाहतींना 'सागरापलीकडचे प्रांत' ठरवलं होतं. प्रांताला कसलं आलंय स्वातंत्र्य? पक्ष काढणं, सभा घेणं, संप करणं सगळं बंद. खेड्यापाड्यांतल्या आफ्रिकन माणसाला सक्तीची मजुरी (तिकडचा शब्द 'शिबालो') आणि सक्तीची कापूस लागवड. दर सरकार ठरवणार आणि माल ठरावीक कंपनीलाच घालायचा. १६ जून १९६० रोजी उत्तरेतल्या मुएदा गावात बोलणी करायला जमलेल्या जमावावर सैन्याने गोळीबार केला. किती मेले यावर आजही वाद आहे. पक्षाच्या इतिहासात ६०० चा आकडा येतो, बऱ्याच अभ्यासकांना तो फुगवलेला वाटतो. त्या गोळीबारानंतर अर्ज-विनंत्यांचा मार्ग संपला, यावर मात्र कुणाचा वाद नाही.

यात गोवा कुठे आला?

गोवा अगदी मध्यभागी आहे. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभारच गोव्यातून चालायचा. पुढेही गोव्याचे कारकून, डॉक्टर, रेल्वेतले नोकर बैरा आणि लोरेन्सो मार्किश (आजची राजधानी मापुतो) इथे जात राहिले. एप्रिल १९६१ मध्ये कासाब्लांका इथे पोर्तुगीज वसाहतींमधल्या स्वातंत्र्यवाद्यांची परिषद भरली, तिथे अंगोला, गिनी, मोझांबिक यांच्या जोडीला गोव्याचेही प्रतिनिधी होते. त्याच वर्षी १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला आणि सालाझारने त्याचा राग मोझांबिकमधल्या भारतीय नागरिकांवर काढला. त्यांना छावण्यांत डांबलं, मालमत्ता गोठवल्या, अनेकांना देशाबाहेर काढलं.

फ्रेलिमोच्या आतल्या वर्तुळातही गोवेकर होते. बार्देशात जन्मलेले आक्विनो द ब्रागांझा हे पत्रकार आणि अभ्यासक समोरा माशेल यांचे, म्हणजे फ्रेलिमोच्या पुढच्या अध्यक्षांचे आणि स्वतंत्र मोझांबिकच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांचे, विश्वासू सल्लागार होते. १९७४ मध्ये लिस्बनमध्ये क्रांती झाल्यावर तिथल्या लष्करी अधिकाऱ्यांचा कल अजमावायला माशेलनी त्यांनाच पाठवलं. पुढे मापुतोच्या विद्यापीठातलं आफ्रिकन अभ्यास केंद्र त्यांनी चालवलं. तिथे १९८२ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या हेरखात्याने पाठवलेला पार्सल बॉम्ब फुटला. त्यात रूथ फर्स्ट या विदुषी मरण पावल्या आणि ब्रागांझा जखमी झाले. मूळ गोव्याच्या घराण्यातले ऑस्कार मोंतेइरो स्वातंत्र्यानंतर मंत्री झाले. गोवा मुक्तीचा इतिहास आपण दिल्ली आणि पणजीपुरता सांगतो, त्यात ही माणसं सहसा येत नाहीत.

जंगलातली लढाई चालायची कशी?

२५ सप्टेंबर १९६४ रोजी काबो देल्गादो प्रांतातल्या शाय या ठाण्यावर हल्ला झाला आणि सशस्त्र लढा सुरू झाला. त्या वेळी फ्रेलिमोकडे प्रशिक्षित लढवय्ये होते जेमतेम २५०. त्यांतले पहिले अल्जीरियात शिकून आलेले. एकाच वेळी चार प्रांतांत आघाड्या उघडायचा बेत होता, पण टेटे आणि झांबेझिया इथला डाव फसला. कारण साधं होतं. काबो देल्गादो आणि नियासा यांच्या पाठीशी मित्रराष्ट्र टांझानिया होतं, मध्ये फक्त रुवुमा नदी. टेटे-झांबेझियाच्या पाठीशी मलावी, आणि तिथल्या हेस्टिंग्ज बांडांनी पोर्तुगालशी जमवून घेतलेलं. पाठीमागे आसरा नसेल तर गनिमी सैन्याला गोळ्या आणि मीठ दोन्ही मिळत नाही. टेटेची आघाडी पुन्हा उघडली ती १९६८ मध्ये, झांबियाच्या वाटेने.

सोव्हिएत आणि चिनी शस्त्रं दार-ए-सलामच्या बंदरात उतरायची, तिथून दक्षिण टांझानियातल्या नाशिंग्वेया छावणीत यायची आणि नदी ओलांडली की रस्ता संपायचा. पुढे सगळा माल माणसांच्या डोक्यावर. पेट्या वाहणाऱ्यांत गावातल्या बाया मोठ्या संख्येने होत्या, आणि १९६७ पासून त्यांची वेगळी लष्करी तुकडीही झाली. परतीच्या वाटेवर त्याच डोक्यांवरून काजू, शेंगदाणे, तीळ टांझानियात विकायला जायचे आणि बदल्यात कापड, साबण, मीठ, कुदळी यायच्या. पोर्तुगीज हटलेल्या पट्ट्यांना 'मुक्त क्षेत्र' म्हणत. तिथे झाडाखाली शाळा, कुडाचा दवाखाना आणि सहकारी दुकान असायचं. हे सगळं चालवायचा पक्ष. कर, न्याय, शिक्षण, बंदूक या सगळ्यांचा हिशेब एकाच ठिकाणी. पुढच्या पन्नास वर्षांच्या कारभाराचा नकाशा इथेच आखला गेला.

पोर्तुगीजांचं उत्तर दोन प्रकारचं होतं. रस्त्यांवर सुरुंग पेरले जात म्हणून त्यांनी रस्ते डांबरी करायला घेतले, कारण डांबर उकरून सुरुंग पुरला की खूण राहते. आणि गनिमांना धान्य मिळू नये म्हणून लाखो खेडुतांना उठवून काटेरी तारांच्या वसाहतींत कोंबलं. १९७० मध्ये जनरल काउल्झा द आरियागा यांनी हजारो सैनिक, विमानं, हेलिकॉप्टरं घेऊन मोठी मोहीम काढली. माकोंडे पठारावरचे तळ उद्ध्वस्त झाले, पण फ्रेलिमो तोवर टेटेमार्गे दक्षिणेकडे सरकली होती. डिसेंबर १९७२ मध्ये टेटेतल्या विरियामू आणि आसपासच्या वाड्यांवर सैन्याने कत्तल केली. मिशनरी पाद्र्यांमुळे ती जुलै १९७३ मध्ये लंडनच्या वर्तमानपत्रात छापून आली आणि पोर्तुगालची जगभर नाचक्की झाली. पोर्तुगालकडून लढणारे निम्म्याहून जास्त शिपाई तोवर स्थानिक आफ्रिकन होते. मुक्तिलढा म्हणजे सगळे एकीकडे आणि परके एकीकडे, असं चित्र शाळेच्या पुस्तकात शोभतं. प्रत्यक्षात घरं दोन्हीकडे विभागलेली होती.

मतभेद झाले की काय व्हायचं?

या प्रश्नाचं उत्तर पक्षाला आजही अडचणीचं वाटतं. १९६८-६९ मध्ये फ्रेलिमो जवळजवळ फुटली होती. काबो देल्गादोचे पुढारी लाझारो न्कावांदामे यांच्या ताब्यात सहकारी व्यापार होता. नफा त्यांच्या खिशात जातो, असा लष्करी गटाचा आरोप, आणि लढतात आमची माकोंडे पोरं पण हुकूम सोडतात दक्षिणेतले लोक, ही त्यांची तक्रार. ३ फेब्रुवारी १९६९ रोजी दार-ए-सलाममध्ये पुस्तकाच्या पार्सलमधला बॉम्ब फुटून मोंडलाने मारले गेले. काही आठवड्यांतच न्कावांदामे पोर्तुगीजांना जाऊन मिळाले. उपाध्यक्ष उरिया सिमांगो यांना एकट्याला अध्यक्षपद न देता तिघांचं मंडळ नेमलं गेलं, त्यात सिमांगोंसोबत समोरा माशेल आणि मार्सेलिनो दोस सांतोस. सिमांगोंनी पत्रक काढून सहकाऱ्यांवर जाहीर आरोप केले आणि ते बाहेर फेकले गेले. मे १९७० मध्ये माशेल अध्यक्ष झाले.

स्वातंत्र्यानंतर सिमांगो, त्यांच्या पत्नी सेलिना, न्कावांदामे आणि इतर काही जणांना नियासातल्या कैदछावणीत ठेवलं गेलं आणि खटला न चालवता ठार मारलं गेलं. कधी, हे सरकारने वर्षानुवर्षं सांगितलंही नाही. सिमांगोंचे मुलगे मोठे होऊन विरोधी राजकारणात आले. दाविझ सिमांगो बैराचे लोकप्रिय महापौर झाले आणि २००९ मध्ये त्यांनी एमडीएम हा पक्ष काढला. दुसरे, लुतेरो, २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते.

युद्धकाळात एकी आणि गुप्तता या जीवनमरणाच्या गोष्टी असतात, हे खरंच. पण तिथे वेगळं मत म्हणजे फितुरी, ही जी सवय लागली, ती शांततेच्या काळात सुटली नाही. माझ्या मते फ्रेलिमोच्या यशाचं आणि आजच्या दुखण्याचं मूळ एकच आहे आणि ते इथे आहे.

सत्ता मिळाली, पण मतदान झालंच नाही?

नाही झालं. २५ एप्रिल १९७४ ला पोर्तुगालमध्ये युद्धाला कंटाळलेल्या लष्करी अधिकाऱ्यांनी हुकूमशाही उलथवली. ७ सप्टेंबरला लुसाकामध्ये करार झाला आणि सत्ता थेट फ्रेलिमोकडे सोपवायचं ठरलं. आधी निवडणूक घ्या, हा पोर्तुगीजांचा आग्रह फ्रेलिमोने धुडकावला. बंदूक हाती धरून दहा वर्षं लढलो, आता आमच्यामागे जनता आहे की नाही हे कसलं विचारता, असा त्यांचा सवाल होता. २५ जून १९७५ ला स्वातंत्र्य आलं.

हाती आलं ते काय? लोकसंख्येतले ९० टक्क्यांहून जास्त निरक्षर. सुमारे अडीच लाख पोर्तुगीजांपैकी बहुतेक जण दोनेक वर्षांत निघून गेले. काही घाबरून, काही '२४/२०' च्या हुकुमाने, म्हणजे २४ तासांत देश सोडा आणि सोबत २० किलो सामान न्या. हा हुकूम काढणारे मंत्री होते आर्मांदो गेबूझा. (हेच गेबूझा पुढे देशातल्या धनाढ्य उद्योगपतींमध्ये मोडू लागले आणि राष्ट्राध्यक्षही झाले.) डॉक्टर, फिटर, ट्रकचालक, हिशेबनीस एकदम नाहीसे झाले. जाता जाता कुणी यंत्रं मोडली, कुणी ट्रॅक्टर हाकत सीमेपार नेले. ही पोकळी भरायला पक्षाने प्रत्येक कारखान्यात, कचेरीत, मोहल्ल्यात 'चेतना गट' नेमले. रेशन, साफसफाई, साक्षरता वर्ग, शेजाऱ्यांची भांडणं आणि कुणाकडे पाहुणा उतरलाय याची नोंद, सगळं तेच बघणार. फेब्रुवारी १९७७ च्या अधिवेशनात आघाडी अधिकृतपणे मार्क्सवादी-लेनिनवादी पक्ष झाली, आणि देशात दुसरा पक्ष नाही.

सुरुवातीच्या वर्षांत लसीकरण आणि प्राथमिक शाळा यांत खरोखर मोठी झेप होती, ती नाकारण्यात अर्थ नाही. बिघडलं ते शेतीत. पैसा आणि ट्रॅक्टर मोठ्या सरकारी शेतांना मिळाले, लहान शेतकऱ्याला कुदळही दुकानात मिळेना. खेडुतांना विखुरलेल्या वस्त्यांतून उठवून सामुदायिक गावांत आणलं, शेत राहिलं दोन तास लांब. गावप्रमुख आणि मांत्रिक यांना 'मागासलेले' म्हणून बाजूला सारलं. १९८३ मध्ये तर शहरातले 'बेकार' लोक कागदपत्रं बघून उचलले आणि विमानांनी दूर नियासात नेऊन सोडले.

रेनामो म्हणजे परक्यांचे भाडोत्री, एवढंच ना?

जन्मापुरतं खरं आहे. मार्च १९७६ मध्ये माशेलनी गोऱ्या राजवटीच्या ऱ्होडेशियाशी सीमा बंद केली, बैरा बंदराचं उत्पन्न बुडवून घेतलं आणि झिम्बाब्वेच्या गनिमांना आसरा दिला. त्यावर ऱ्होडेशियाच्या गुप्तचर खात्याने फ्रेलिमोतून फुटलेल्यांना हाताशी धरून रेनामो ही बंडखोर संघटना उभी केली. १९८० मध्ये झिम्बाब्वे स्वतंत्र झाल्यावर दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारच्या लष्कराने ती दत्तक घेतली. शाळा, दवाखाने, रेल्वे हीच त्यांची लक्ष्यं. मुलांना पळवून नेऊन हाती बंदुका दिल्या. १९८४ मध्ये माशेलनी दक्षिण आफ्रिकेशी न्कोमाती करार केला, तुम्ही रेनामोला मदत करू नका, आम्ही तुमच्या वर्णद्वेषाविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला तळ देणार नाही. फ्रेलिमोने शब्द बऱ्यापैकी पाळला, दक्षिण आफ्रिकेने मोडला.

पण परकी मदत मिळाली म्हणून कुणी सोळा वर्षं खेड्यात टिकत नाही. ज्यांची गावं उठवली गेली, ज्यांच्या प्रमुखांचा अपमान झाला, त्या मध्य आणि उत्तर मोझांबिकमधल्या अनेकांनी रेनामोला धान्य आणि आडोसा दिला. काहींनी धाकाने, काहींनी आपणहून. युद्ध आणि त्यातून आलेला दुष्काळ यांत सुमारे १० लाख माणसं गेली. १९ ऑक्टोबर १९८६ ला माशेल यांचं विमान दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीतल्या म्बुझिनी इथे डोंगरावर आदळलं. त्यात ते गेले आणि आक्विनो द ब्रागांझाही. अपघात की घातपात, हा प्रश्न तिकडे अजून मिटलेला नाही.

नवे अध्यक्ष जोआकिम शिसानो थंड डोक्याचे होते. १९८९ मध्ये पक्षाने मार्क्सवाद सोडला, १९९० मध्ये राज्यघटनेत बहुपक्ष पद्धत आली, आणि रोममध्ये सांत एजिदिओ या कॅथलिक संस्थेच्या मध्यस्थीने ४ ऑक्टोबर १९९२ ला शांतता करार झाला. १९९४ च्या पहिल्या निवडणुकीत शिसानोंना ५३ टक्के मतं मिळाली, रेनामोच्या आफोन्सो द्लाकामांना ३४. शाळा जाळणाऱ्या संघटनेला तिसरा हिस्सा मतं पडली, यावरून फ्रेलिमोवरची नाराजी किती खोल होती ते कळतं.

निवडणुका होतात, मग फ्रेलिमो हरत का नाही?

आपल्याकडच्या सहकारी साखर कारखान्याचं राजकारण ज्याने पाहिलंय, त्याला हे लवकर उमजेल. ज्या पॅनेलने कारखाना उभा केला, त्याच्याच हातात सभासदांची यादी, ऊसतोडीची तारीख, वजनकाटा आणि कामगारांची भरती असते. निवडणूक दर पाच वर्षांनी होते, मतदानही होतं. पण विरोधात उभं राहणाऱ्याचा ऊस फडात वाळतो. मोझांबिकमध्ये देशाच्या पातळीवर जवळपास हेच आहे.

जमीन तिथे खासगी मालकीची नाही. सगळी सरकारची, शेतकऱ्याला फक्त वापराचा हक्क. सरकारी कचेऱ्यांत पक्षाच्या शाखा आहेत आणि बढतीच्या वेळी पक्षाचं कार्ड मोजलं जातं, ही तक्रार जुनी आहे. विद्यापीठांचे कुलगुरू, सरन्यायाधीश, लष्करप्रमुख हे सगळे राष्ट्राध्यक्ष नेमतात. प्रांतांचे गव्हर्नर २०१९ पासून निवडून येऊ लागले, तर प्रत्येक प्रांतात राष्ट्राध्यक्षांनी नेमलेला 'राज्य सचिव' बसवला गेला आणि महत्त्वाची खाती त्याच्याकडे गेली.

२०२४ च्या निवडणुकीच्या वेळी निवडणूक आयोगात १७ जण होते. पाच फ्रेलिमोचे, चार रेनामोचे, एक एमडीएमचा आणि सात 'नागरी समाजाचे'. हे सात कुणाच्या पसंतीचे, यावर सगळा खेळ. मतमोजणीची पद्धत कागदावर मात्र चांगली आहे. मतदान संपलं की त्याच केंद्रात सगळ्यांसमोर मतं मोजायची, निकालपत्रक भरायचं, एक प्रत दारावर चिकटवायची, पक्षांच्या प्रतिनिधींना सही-शिक्क्याच्या प्रती द्यायच्या. मग जिल्हा, प्रांत आणि राष्ट्र अशी बेरीज. घोटाळा साधारण तीन ठिकाणी होतो.

पहिला मतदारयादीत. २०१९ मध्ये फ्रेलिमोचा बालेकिल्ला असलेल्या गाझा प्रांतात जनगणनेतल्या प्रौढांपेक्षा सुमारे तीन लाख मतदार जास्त नोंदले गेले. जनगणना संस्थेच्या प्रमुखांनी हे बोलून दाखवलं आणि त्यांना पद सोडावं लागलं. दुसरा केंद्रात. दिवे जातात, पेटीत गठ्ठे पडतात, किंवा मोजताना विरोधकाच्या मतपत्रिकेवर शाईचा जादा ठसा उमटवून ती बाद होते. तिसरा आणि सगळ्यांत मोठा, केंद्र ते जिल्हा या प्रवासात. दारावरचं पत्रक एक सांगतं, जिल्ह्याच्या बेरजेत आकडा वेगळाच. २०२३ च्या नगरपालिका निवडणुकीत मोबाइलवर काढलेल्या पत्रकांच्या फोटोंमुळे हे उघडं पडलं. आयोगाने ६५ पैकी ६४ शहरं फ्रेलिमोला दिली होती. शेवटचा निवाडा घटना परिषदेचा असतो. तिने 'केलिमाने' हे शहर धरून चार शहरं रेनामोला परत दिली. बाकी ठिकाणी आकडे का बदलले, याचा खुलासा मात्र धड झाला नाही.

म्हणजे लोक फ्रेलिमोला मतं देतच नाहीत?

देतात, भरपूर देतात. दक्षिणेत आणि मुक्तिलढ्याच्या जुन्या पट्ट्यात निष्ठा खरी आहे. ढोल आणि मक्याचं कणीस हे पक्षाचं चिन्ह आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना पाठ. शिवाय रेनामोच्या क्रौर्याची आठवण पुसलेली नाही.

आणखी एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. फ्रेलिमोत कुणी एक माणूस गादीला चिकटून बसला नाही. शिसानो २००५ मध्ये, गेबूझा २०१५ मध्ये, फिलिप न्यूसी २०२५ मध्ये मुदत संपल्यावर गेले. शिसानोंना तर चांगल्या कारभारासाठीचा पहिला इब्राहिम पुरस्कार मिळाला. उमेदवार पक्षाची केंद्रीय समिती ठरवते, तिथे खरी चुरस असते, आणि हरलेल्या गटालाही वाटा मिळतो. शेजारच्या झिम्बाब्वेत मुगाबेंचं जे झालं (दशकानुदशकं सत्ता, शेवटी लष्कराने हटवलं), ते इथे झालं नाही. माणूस बदलत राहतो म्हणून आतला राग जिरतो, आणि पक्ष टिकतो.

मग आताच लोक एवढे का भडकले?

एक कारण कर्जाचं. २०१३-१४ मध्ये तीन सरकारी कंपन्यांच्या नावे सुमारे २०० कोटी डॉलर उचलले गेले. कारणं दिली ती ट्यूना मासेमारीचा ताफा, किनाऱ्याची टेहळणी आणि जहाजदुरुस्तीची गोदी. कायद्याने संसदेची मंजुरी लागते, पण अर्थमंत्र्यांनी गुपचूप सरकारी हमीवर सही केली. देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या साधारण आठव्या हिश्श्याएवढं हे ओझं. एप्रिल २०१६ मध्ये पूर्ण प्रकार उघड झाला, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने आणि देणगीदार देशांनी हात आखडते घेतले, मेटिकल हे चलन कोसळलं आणि पावापासून बसभाड्यापर्यंत सगळं महागलं. माजी अर्थमंत्री मान्युएल शांग यांना २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने साडेआठ वर्षांची शिक्षा दिली. त्याआधी मापुतोत गेबूझांच्या मुलाला १२ वर्षांची शिक्षा झाली.

दुसरं कारण उत्तरेत. जिथे पहिली गोळी झाडली गेली, त्याच काबो देल्गादोच्या समुद्रात २०१० पासून प्रचंड नैसर्गिक वायू सापडला. या प्रकल्पाच्या 'एरिया १' मध्ये भारतीय सरकारी कंपन्यांचा एकूण ३० टक्के हिस्सा आहे, त्यात मुंबईस्थित भारत पेट्रोलियमची उपकंपनीही येते. गावं हलवली गेली, माणिक आणि वायूचा पैसा मापुतोला गेला, पोरं रिकामीच राहिली. ऑक्टोबर २०१७ मध्ये मोसिंबोआ द प्राया इथे जिहादी गटाने हल्ला केला. मार्च २०२१ मध्ये पाल्मा शहरावर हल्ला झाला आणि वायुप्रकल्पाचं काम थांबलं. शेवटी रवांडाचं सैन्य बोलवावं लागलं. मुक्तिलढ्यातून जन्मलेल्या पक्षाला आपल्याच जन्मभूमीत परकं सैन्य आणावं लागलं, याहून बोचरी टीका विरोधकांनाही सुचली नसती.

तिसरं कारण वयाचं. निम्मा देश अठराच्या आतला आहे. या पिढीला १९७५ ही आजोबांची गोष्ट. यादवी युद्धही त्यांनी पाहिलेलं नाही, त्यामुळे 'आम्ही नसलो तर रेनामो येईल' हा धाक चालत नाही. २०२४ मध्ये त्यांनी पसंती दिली ती राष्ट्राध्यक्षपदाचे विरोधी उमेदवार वेनान्सिओ मोंडलाने यांना. (संस्थापक मोंडलानेंशी नातं नाही.) फेसबुक लाइव्हवरून सभा, रात्री नऊला खिडकीत थाळ्या बडवायच्या, मग संप. १९ ऑक्टोबरला त्यांचे वकील एल्विनो दियास आणि सहकारी पाउलो गुआम्बे यांना मापुतोत गाडीत गोळ्या घालून मारण्यात आलं आणि आंदोलन चिघळलं. आयोगाने फ्रेलिमोचे दानियेल शापो यांना ७० टक्क्यांहून जास्त मतं दाखवली. घटना परिषदेने ती ६५ टक्क्यांवर आणली, मोंडलानेंची २० वरून २४. पाच टक्के मतं कुठून कुठे गेली, ते सांगितलं नाही. वेनान्सिओंना पाठिंबा देणारा पोदेमोस हा फ्रेलिमोतून फुटलेल्यांनी काढलेला छोटा पक्ष ४३ जागांसह मुख्य विरोधी पक्ष झाला आणि रेनामो २८ वर घसरली.

पुढे काय बघायचं?

शापो हे स्वातंत्र्यानंतर जन्मलेले पहिले राष्ट्राध्यक्ष. मार्च २०२५ मध्ये ते आणि वेनान्सिओ मोंडलाने भेटले, हिंसा थांबली. राज्यघटना आणि निवडणूक कायदा यांत बदल करण्यासाठी पक्षांची चर्चा सुरू झाली. या चर्चेची भाषणं फारशी वाचायची गरज नाही. तीन गोष्टी तपासाव्यात. आयोगातल्या त्या सात 'नागरी' सदस्यांची निवड कोण करणार. प्रांतांतलं राज्य सचिव हे पद राहणार की जाणार. आणि प्रत्येक केंद्राचं निकालपत्रक, जिल्ह्याच्या बेरजेआधी, इंटरनेटवर टाकणं सक्तीचं होणार का. तिसरी गोष्ट सगळ्यांत स्वस्त आहे आणि पक्षाला सगळ्यांत महाग पडणारी. पुढच्या नगरपालिका निवडणुका २०२८ मध्ये आहेत, त्याआधी कायदा बदलला तर तो तिथेच पहिल्यांदा लागू होईल.